बर्फ वितळवण्याआधी

आर्क्टिकच्या समुद्री बर्फावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की रंगीबेरंगी फोटोंना संशोधन म्हणू नये. फोटो कलावंताने काढावेत, खारं पाणी रसायनवाल्यांनी तपासावं, जिवाणू जीवशास्त्रज्ञांवर सोडावेत. वर हेही, की ते रंग खोटे आहेत. प्रतिक्रिया कडक आहे, पण लेख नीट वाचून लिहिलेली आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी रंग. एक चूक माझी. निळ्या ठिपक्यांच्या फोटोखाली खुलासा नव्हता. जिवाणू निळे नसतात. डीएनएला चिकटणारं डॅपी हे रंगद्रव्य घालून अतिनील प्रकाशात पाहिलं की ते तसे चमकतात. हे आज लेखात घातलं आहे. बर्फाच्या चकतीतले जांभळे-पिवळे तुकडे मात्र कुणी रंगवलेले नाहीत. काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरच्या (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणाऱ्या काचांच्या) मध्ये बर्फाचा पातळ काप धरला, की प्रत्येक स्फटिक आपल्या अक्षाच्या दिशेप्रमाणे आणि कापाच्या जाडीप्रमाणे रंग दाखवतो. वर बारीक दाणे, खाली उभे लांबट स्फटिक: बर्फ कसा वाढत गेला ते तिथे वाचता येतं.

आता मुख्य मुद्दा, कारण तुमची तीन खात्यांची वाटणी त्या बर्फालाच मान्य नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी गोठताना ते बर्फाच्या स्फटिकात मावत नाहीत, बाहेर ढकलले जातात, आणि त्यातले काही केसासारख्या बारीक वाहिन्यांत अडकतात. उणे 10 अंशांना तिथलं पाणी समुद्राच्या सुमारे चौपट खारं होतं. त्यात डायॅटम ही सूक्ष्म एकपेशी शैवालं राहतात, जिवाणूही राहतात. ते एक चिकट पदार्थ बाहेर टाकतात. त्याने वाहिन्यांचा आकार बदलतो आणि मीठ बर्फातच धरून राहतं. म्हणजे जीव रसायन बदलतो, रसायन आकार बदलतं. यातला कुठला भाग कुणाकडे सोपवायचा, सांगा.

शिवाय क्षारता मोजायची तर गाभा, म्हणजे बर्फातून कापून काढलेला उभा दंडगोल, वितळवावा लागतो. वितळला की कोणती पेशी कुठल्या वाहिनीत होती हे कायमचं गेलं. बर्फाचं पाणी जवळपास गोडं, त्यामुळे मिठाला सरावलेल्या पेशी त्यात फुगून फुटतात. म्हणून जीव मोजायचे असतील तर गाळलेलं समुद्राचं पाणी घालून बर्फ वितळवतात. इकाइटचे स्फटिक तर आणखी नाजूक. कॅल्शियम कार्बोनेटचं हे पाणी धरून ठेवणारं रूप थंडीतच टिकतं, नमुना उबदार झाला की विरतं. ते दिसलं त्या क्षणी थंड सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेला फोटो हाच पुरावा उरतो. तो काढायला नजर लागते, आणि ती कलावंताकडून शिकण्यात मला कमीपणा वाटत नाही.

फोटोग्राफीचं आणि मिठाचं नातंही जुनं आहे. फोटोग्राफीचा एक आद्य प्रवर्तक टॅल्बट 1830च्या दशकात मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर चांदीचं द्रावण लावत असे. ॲना ॲटकिन्सने 1843 पासून समुद्रशैवालं थेट सायनोटाइपच्या (उन्हात निळ्या होणाऱ्या) कागदावर ठेवून त्यांच्या निळ्या प्रतिमा घेतल्या. ती वनस्पतिशास्त्राची अभ्यासक होती आणि त्या प्रतिमा ओळखीसाठीच होत्या.

तुमचं एक म्हणणं पूर्ण पटलं: मी सुंदर तेवढेच फोटो निवडले होते. पुढच्या लेखात त्या गाभ्याचे सगळे काप वरून खाली क्रमाने देईन, करडे, तडकलेले, ज्यात काहीच दिसत नाही असेही.