रॉट म्हणजे सडणं? मग शेणखताचं काय करायचं?

‘इंग्रजीत वस्तू बिघडण्याच्या एकेका तऱ्हेला स्वतंत्र शब्द आहे: रॉट, रस्ट, करोजन, डिलॅपिडेटेड. मराठी माणूस मात्र सगळ्याला खराब झालं म्हणतो.’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. खाली तक्ता असतो: रॉट म्हणजे सडणं, रस्ट आणि करोजन म्हणजे गंज, ड्राय रॉट म्हणजे कोरडं सडणं. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘मराठीत खराब हा एकच शब्द’

गंमत म्हणजे ‘खराब’ हाच शब्द मूळचा आपला नाही. तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि अरबीत त्याचा अर्थ ओसाड, उद्ध्वस्त. आपले शब्द शोधायला स्वयंपाकघरापलीकडे जायची गरज नाही. दूध नासतं, आमटी विटते, शेंगदाणे खवट होतात, पाव बुरसतो, डाळ किडते. आता अदलाबदल करून बघा. ‘दूध किडलं’ किंवा ‘डाळ नासली’ असं कुणी म्हटलं, तर पोरसुद्धा हसेल.

कारण यातला प्रत्येक शब्द कारणासकट येतो. दूध नासतं ते आम्लामुळे. ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.६च्या आसपास असतो, तो ४.६पर्यंत उतरला की केसीन हे दुधातलं प्रथिन साकळतं. तापवताना त्याआधीच फुटतं, म्हणून सकाळी बरं वाटलेलं दूध गॅसवर ठेवल्यावर दगा देतं. खवटपणा सहसा जंतूंचा नसतो. तेलातल्या स्निग्धाम्लांशी हवेतल्या ऑक्सिजनची अभिक्रिया होते, त्यामुळे खवट दाणे पुन्हा भाजून काही उपयोग नाही. आणि कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, म्हणजे आंबट पदार्थात तांबं उतरतं. ‘कळकणं’ इंग्रजीत एका क्रियापदात सांगून दाखवा.

‘रॉट म्हणजे सडणं’

तक्त्यातली ही ओळ सर्वांत महागात पडणारी. बागकामावरच्या इंग्रजी लेखात ‘वेल-रॉटेड मॅन्युअर’ असतं. तक्ता हाताशी धरून भाषांतर केलं, की ‘चांगलं सडलेलं शेणखत’ तयार होतं. शेतकरी म्हणतो ‘चांगलं कुजलेलं’. हा नुसता बोलीतला फरक नाही. इंग्रजीतल्या एका रॉटमध्ये ज्या दोन क्रिया कोंबल्या आहेत, त्या मराठीने वेगळ्या ठेवल्या आहेत.

ढिगात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण ३०:१, ओलावा ५० ते ६० टक्के आणि आत हवा खेळती असेल, तर ढीग कुजतो. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं, पुढे उतरतं आणि शेवटी मातीसारखा वास येणारं भुसभुशीत खत हाती लागतं. ओलावा तपासायला मूठभर माल घेऊन घट्ट दाबायचा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाणी जास्त. जास्त पाण्याने मधल्या पोकळ्या भरतात, हवा संपते, हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तेव्हा ढीग सडला असं म्हणायचं. उपाय म्हणजे सुकं पाचट किंवा भुसा मिसळून ढीग वरखाली करणं.

इंग्रजीत हा भेद करायचाच झाला तर ‘डीकम्पोझ’ आणि ‘प्युट्रिफाय’ असे लॅटिन वळणाचे शब्द काढावे लागतात. आपल्याकडे तो चुलीपाशी आणि उकिरड्यावर रोज बोलला जातो.

‘रस्ट आणि करोजन, दोन्ही गंज’

इथे मात्र बाजू इंग्रजीची, हे मान्य करायला हवं. रस्ट फक्त लोखंडाला आणि पोलादाला चढतो, करोजन कुठल्याही धातूचं होतं. ॲल्युमिनिअमला ‘रस्ट’ लागत नाही. आपणही गंज लोखंडापुरताच ठेवतो, तांब्या-पितळेवरच्या हिरव्या थराला जंगाल म्हणतो, पण सर्व धातूंना मिळून एक घरगुती शब्द आपल्याकडे नाही. चांदीचं इंग्रजीत ‘टार्निश’ होतं, आपली नुसती ‘काळी पडते’.

पण तक्ता शेतात न्याल तर फसाल. गव्हावरचा ‘रस्ट’ म्हणजे तांबेरा, बुरशीचा रोग. ‘ब्लाइट’ म्हणजे करपा, ‘विल्ट’ म्हणजे मर. ‘गव्हाला गंज लागला’ असं छापून आलं, की भाषांतरकार शिवारात गेलेला नाही हे कळतं.

कापडाचं थोडक्यात: शिवण उसवते, कापड विरतं, काठाच्या दशा निघतात. ‘फ्रे’ म्हणजे यातलं तिसरं, बाकी दोन नव्हे. आणि ब्रिटिश इंग्रजीत रबर ‘पेरिश’ होतं, त्याचा अर्थ वायसर ‘नष्ट’ झाला असा नसून तो तडकला किंवा चिकट झाला असा आहे.

‘ड्राय रॉट म्हणजे कोरडं सडणं’

कोरडं लाकूड कुजत नाही. ड्राय रॉट ही बुरशी आहे आणि तिला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. शेवटी लाकूड सुकं, चौकोनी तुकड्यांत फुटणारं होतं, म्हणून ते नाव. तिच्या शास्त्रीय नावात, सर्पुला लॅक्रिमान्समध्ये, ‘अश्रू ढाळणारी’ असा अर्थ आहे, कारण तिच्यावर पाण्याचे थेंब जमतात. हा मुख्यतः थंड हवेच्या देशांतला उपद्रव. आपल्याकडे चौकट पोखरलेली दिसली, तर आधी वाळवी शोधावी.

‘डिलॅपिडेटेड फक्त दगडी इमारतीला चालतं’

लॅटिनमध्ये ‘लापिस’ म्हणजे दगड, हे खरं. पण ‘दिलापिदारे’ याचा लॅटिनमधला अर्थच उधळणं, नासधूस करणं असा होता. इंग्रजीत लाकडी शेडही बिनदिक्कत डिलॅपिडेटेड असते. मराठीत मोडकळीस आलेली.

खरी अडचण वेगळीच आहे. मोडकळीस, जीर्ण, डिलॅपिडेटेड यांपैकी कुठल्याच शब्दाने आत राहायचं की नाही ते कळत नाही. स्लॅबचा पोपडा सुटतो तो बहुधा आतली सळई गंजल्यामुळे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. भिंतीला लोणा लागतो तो मात्र ओलीबरोबर आलेल्या क्षारांचा. दोन्हीकडे पोपडेच पडतात, पण पहिल्यात इमारतीची भार पेलण्याची ताकद धोक्यात असते, दुसऱ्यात बहुतेकदा गिलावाच जातो.

म्हणून मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार करावी लागते आणि इमारतीला वर्ग दिला जातो. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवालात नुसतं ‘डिलॅपिडेटेड’ लिहिलेलं असेल, तर वर्ग कोणता ते लेखी विचारून घ्या.