सात सामन्यांची हमी

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की पेठापेठांतून दोनच गोष्टींची चर्चा रंगते. एक म्हणजे कोणत्या तालमीने (इथे फुटबॉलचे संघ पेठेतल्या तालमींचे असतात) बाहेरून कोणता खेळाडू आणला, आणि दुसरी म्हणजे यंदा कोणत्या चषकाला किती बक्षीस लागले. ही चर्चा मीही आवडीने ऐकतो. पण ज्या स्पर्धेच्या पायावर हा सगळा हंगाम उभा असतो, त्या केएसएच्या वरिष्ठ गट लीगविषयी, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळी स्पर्धेविषयी, कोणी फारसे बोलत नाही. म्हणून आज तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो आहे.

वरिष्ठ गटात सोळा संघ. अलीकडच्या रचनेत त्यांचे आठ-आठचे दोन गट पाडले जातात; वरच्या आठांना सुपर सीनियर म्हणतात. गटातला प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी एकदा खेळतो. एका गटाचे अठ्ठावीस आणि दोन्ही मिळून छप्पन्न सामने होतात. आता याच सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली तर सामने होतात केवळ पंधरा, आणि त्यांतले आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर बूट पिशवीत भरून घरी जातात. बाद फेरीचा थरार मी नाकारत नाही; पण सप्टेंबरपासून पहाटे उठून गांधी मैदानावर पळणाऱ्या पोराला लीग सात सामन्यांची हमी देते, चषक एकाच सामन्याची देतो. सातपैकी पहिले तीन सामने वाईट गेले तरी चौथ्या सामन्यात त्याला सुधारायला जागा असते. खेळाडू घडतो तो या चौथ्या-पाचव्या सामन्यात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

लीग ही कल्पनाच मुळात या अडचणीतून जन्माला आली. १८८८ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाचे पदाधिकारी विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने इंग्लंडात बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. त्यापूर्वी चषकातून लवकर बाद झालेल्या क्लबाला मैत्रीपूर्ण सामन्यांवर हंगाम काढावा लागे, आणि ते सामनेही समोरचा संघ ऐनवेळी रद्द करत असे. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या संघाशी सामना होणारच, एवढेच साधे आश्वासन त्या लीगने दिले आणि जगभरच्या फुटबॉलची घडी त्यावर बसली. आपल्याकडेही क्रम तोच राहिला. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक आला आणि १९०२ मध्ये हारवूड लीग. कलकत्त्याची लीग त्याआधी, १८९८ पासून खेळली जाऊ लागली.

मुंबईची लीग आणि कोल्हापूरची लीग यांतला फरक मात्र मुळातला आहे. मुंबईचे मोठे संघ कचेऱ्यांचे, गिरण्यांचे, बँकांचे आणि रेल्वेचे होते. खेळाडूला नोकरी मिळे, सरावासाठी सवलत मिळे आणि फुटबॉलवर त्याचे घर चाले. त्या व्यवस्थेने देशाला उत्तम खेळाडू दिले, याबद्दल मला आदरच आहे. पण मफतलाल गेले, ओर्के मिल्स गेले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेडसारखा संघसुद्धा २०१० मध्ये बंद झाला. संघ कंपनीचा असला की तो चालू ठेवायचा की नाही हे संचालकांच्या बैठकीत ठरते, प्रेक्षकांच्या गॅलरीत नाही. रोव्हर्स चषकही २०००-०१ नंतर थांबला.

कोल्हापुरात संघ तालमीचा असतो. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला जो राजाश्रय मिळाला त्याने पेठापेठांतल्या तालमी बहरल्या. खासबागेचे कुस्त्यांचे मैदानही त्यांनीच १९१२ मध्ये उभे केले. पुढे लाल मातीच्या या तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. आजही संघांची नावे वाचली की शहराचा नकाशा समोर येतो. मंगळवार पेठेतून पाटाकडील, बालगोपाल आणि प्रॅक्टिस क्लब. शिवाजी पेठेतून शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम आणि संध्यामठ. शिवाय दिलबहार, जुना बुधवार, ऋणमुक्तेश्वर, फुलेवाडी. जी तालीम फुटबॉलचा संघ उतरवते तीच गणपती बसवते, शिवजयंती करते आणि पुराच्या पाण्यात लोकांना बाहेर काढायला धावते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, संस्थानी आश्रयाचा काळ संपला, तरी फुटबॉल थांबला नाही, कारण तो आश्रयाइतकाच पेठेच्या वर्गणीवर आणि पेठेच्या ईर्ष्येवर जगत होता. संचालक मंडळाला ठराव करून पेठ बंद करता येत नाही.

हे सारे अभिमानाने सांगतानाच जे खुपते तेही सांगायला हवे. मी काही वर्षे आमच्या तालमीच्या संघाचे कागदोपत्री काम पाहिले आहे. खेळाडूंचे नोंदणीअर्ज, फोटो, जन्माचे दाखले आणि जुन्या संघाची ना-हरकत पत्रे गोळा करणे हे माझे काम. तेव्हा आमच्या गल्लीतला सतरा वर्षांचा एक पोरगा नोंदणीत होता. डाव्या पायाचा, चेंडू पायाला चिकटल्यासारखा चालणारा. त्याच्या जागेवर त्या वर्षी बाहेरचा खेळाडू आला आणि पुढच्या वर्षी दुसरा. दोन हंगाम तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला, तिसऱ्या वर्षी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर लागला आणि अर्ज भरायला आलाच नाही. आणलेले दोन्ही खेळाडू चांगले होते आणि त्यांच्यामुळे आम्ही सामने जिंकलो, हे मी मान्य करतो. पण त्या पोराचा कोरा अर्ज माझ्या फायलीत राहिला तो राहिलाच.

बाहेरच्या खेळाडूंना माझा विरोध नाही. आफ्रिकी देशांतून आणि इतर राज्यांतून आलेल्या खेळाडूंमुळे शाहू स्टेडियमवरच्या खेळाचा वेग वाढला, आपल्या बचावपटूंना खरी परीक्षा द्यावी लागली. त्यांना मानधन मिळते याचेही मला वावडे नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली, तरी हौशी म्हणवणाऱ्या क्लबांतून गुपचूप पैसे देणे चालूच राहिले, आणि अखेर १९७४ मध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेदच त्यांनी नियमांतून काढून टाकला. पैसे द्यायचे तर ते उघडपणे, करार लिहून आणि खेळाडूच्या दुखापतीचा खर्च धरून द्यावेत, एवढेच माझे म्हणणे. खेळाडू हंगामाच्या मध्यात गुडघा धरून बसला की त्याच्या उपचाराची वर्गणी मित्रांनी काढावी, ही आपल्या फुटबॉलला शोभणारी गोष्ट नाही.

माझा आग्रह वेगळ्या जागी आहे. वरिष्ठ गटात खेळायचे असेल तर प्रत्येक तालमीचा सतरा वर्षांखालील संघ असलाच पाहिजे आणि त्या संघांची स्वतंत्र साखळी स्पर्धा झालीच पाहिजे, असा नियम केएसएने करावा. वयोगटाच्या स्पर्धा आपल्याकडे होतात, पण बहुतेक शालेय आणि बाद पद्धतीच्या. एका पराभवाबरोबर मुलाचे वर्ष संपते. आशियाई फुटबॉल महासंघ व्यावसायिक क्लबांना परवाना देताना युवा संघांची अट घालतो. ती सगळी कागदपत्रे तालमींच्या माथी मारावीत असे मी म्हणत नाही, पण तिचा गाभा आपल्याला पेलण्यासारखा आहे. कलकत्त्याच्या लीगमध्येही अलीकडे मैदानावर ठरावीक संख्येने स्थानिक खेळाडू ठेवण्याचे बंधन आले आहे. आपण त्यात वयाची अट जोडून तालमीचा किमान एक तरी कोवळा खेळाडू अकरांत ठेवायला सांगू शकतो.

२०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा आपला अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला आणि सारे शहर दूरचित्रवाणीसमोर बसले. अनिकेत घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. लहान वयातच त्याला घर सोडावे लागले. ज्या शहरात लीगच्या सामन्याला हजारो माणसे तिकीट काढून येतात, त्या शहराने आपल्या गुणी मुलांना पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत तरी घरच्या ताटावर जेवून खेळू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

हुल्लडबाजीचा विषय टाळता येत नाही. तिच्यामुळे सामने थांबले आहेत, स्पर्धा लांबल्या आहेत आणि घरच्या बायकामुलांना मैदानावर आणायला माणसे कचरली आहेत. दंडाची रक्कम पेठेत अर्ध्या तासात गोळा होते, त्यामुळे तिचा धाक उरत नाही. गुणतक्त्यातले तीन गुण मात्र कोणालाच वर्गणीने भरून काढता येत नाहीत. शिक्षा गुणांत असावी आणि ती कशासाठी किती, हे हंगामापूर्वीच छापून द्यावे.

आता मैदानाचा प्रश्न येईल, कारण वरिष्ठ गटाचा बहुतेक सगळा भार एकट्या शाहू स्टेडियमवर आहे आणि तिथल्या हिरवळीलाही विश्रांती लागते. पण सतरा वर्षांखालील मुलांना गॅलरी लागत नाही. सोळा संघ, आठ-आठचे दोन गट, छप्पन्न सामने, म्हणजे वरिष्ठांचीच रचना. शहरातल्या दोन मैदानांवर रविवारी सकाळी प्रत्येकी दोन सामने घेतले तर दिवसाला चार होतात आणि चौदा रविवारांत स्पर्धा संपते. पंच लागतील, तर निवृत्त खेळाडूंतून नवे पंच तयार करण्याची तीच संधी आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात सतरा रविवार येतात. परीक्षांचे तीन सोडले तरी चौदा उरतात.