जुन्या ट्रेलरला भाडं कसं मिळवावं

सकाळी सातला कळंबोलीच्या स्टील मार्केटात जाऊन उभे राहा. दलाल दहाच्या आत येत नाही, पण तुम्ही सातलाच असलं पाहिजे. गरज कुणाची आहे, हे त्याला लांबूनच दिसायला हवं.

मॉडेल विचारलं तर खरं सांगा. मल्टिअ‍ॅक्सल, म्हणजे दोनाहून जास्त आसांच्या गाडीला 15 वर्षांनंतर नॅशनल परमिट, म्हणजे परराज्यात माल न्यायचा परवाना, मिळत नाही. त्यामुळे इंदूर, हैदराबादचे लोड आपोआप बाद होतात आणि डोक्याचा ताप कमी होतो. मोठ्या कंपन्यांचा वॉचमन गेटवरच टायर बघून गाडी वळवायला लावतो. त्यामुळे कंपनीच्या कँटीनचा चहाही वाचतो. राहता राहिलं जालना. तिथल्या भट्ट्यांना भंगार लागतं आणि तिथून सळई निघते. म्हणजे जातानाही भाडं, येतानाही भाडं. हिशेब वहीत फार सुंदर दिसतो.

मग दलाल गाडीभोवती एक फेरी मारेल. टायरला लाथ घालेल, स्प्रिंगच्या पाट्याखाली वाकून बघेल आणि सुस्कारा सोडेल, "मामा, वय झालं हो गाडीचं. या भावात तरी कोण घेतंय?" मान खाली घाला आणि हो म्हणा.

तासाभराने तुमच्या गाडीत भंगार भरायला लागतात, आणि तोच माणूस तोच पाटा थोपटून म्हणतो, "जुनं लोखंड आहे मामा, हत्ती आहे हत्ती! आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा. अजून चार टन सहज बसेल." भाड्याच्या वेळी म्हातारी झालेली गाडी वजनकाट्यावर अशी तरुण होते. वाद घालू नका. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर जादा टनामागे 2,000. चार टनांचे झाले 28,000, आणि ते कुणी भरायचे, हा प्रश्न आजवर एकाही दलालाला पडलेला नाही. हमाली आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसेही तुम्हीच द्या. माल त्यांचा, माणसं त्यांची, पण पाकीट तुमचं जवळ आहे ना.

ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा कागद, दिवसाला 200 किलोमीटरच्या हिशेबाने मिळतं. हा हिशेब ज्याने मांडला त्याने बहुतेक आमचा ट्रेलर बोरघाट चढताना पाहिलेला नाही. खंडाळ्याला गास्केट गेलं की मिस्त्री दुपारी येतो, सामान संध्याकाळी येतं आणि बिलाची मुदत रात्री संपते. मुदत संपण्याआधी आठ तास किंवा नंतर आठ तास, एवढ्यात ती वाढवून घेता येते. फक्त पार्टीच्या, म्हणजे मालवाल्याच्या, मुनीमने फोन उचलला पाहिजे. रविवारी तो उचलत नाही.

जालन्यात दोन दिवस रांग. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे पैसे, मागायचे असतील तर खुशाल मागा, तेवढीच मुनीमची करमणूक. उरलेलं भाडं पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, जमा केल्यावर मिळतं, तेव्हा तो कागद जिवापाड सांभाळा. मी लायसन्ससोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. लायसन्स हरवलं तर डुप्लिकेट तरी मिळतं.

शेवटी नंबर लागतो आणि तुम्ही काट्यावर चढता. काटेवाला खिडकीतून आधी मालाकडे बघतो, मग ट्रेलरकडे, आणि अगदी आदराने विचारतो, "मामा, वरचंच उतरवायचंय ना? की खालचंही वजनात धरू?"