कूचबिहारच्या राजाने बुद्धिबळात गावं घालवली नव्हती

‘जगातील सर्वात सुंदर व विचित्र सीमा : स्पर्धा परीक्षेसाठी अत्यंत उपयुक्त, जरूर पुढे पाठवा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज गेले काही महिने फिरतो आहे. असल्या मेसेजकडे मी एरवी लक्ष देत नाही. पण माझी भाची राज्यसेवेची तयारी करते आहे, आणि तिने तो अख्खा मेसेज ‘भूगोल – महत्त्वाचे’ म्हणून वहीत उतरवून घेतलेला दिसला. त्यांच्या अभ्यासाच्या ग्रुपवर त्यातले प्रश्नही काढून झालेत. मुलं रात्र रात्र जागून हे पाठ करणार असतील, तर कोणीतरी बसून उत्तर द्यायलाच हवं.

मेसेजचा निम्मा भाग भारत-बांगलादेश सीमेवरच्या छिटमहलांबद्दल आहे. छिटमहल म्हणजे एका देशाच्या जमिनीचे दुसऱ्या देशाच्या पोटात अडकलेले तुकडे. मेसेज म्हणतो : ‘कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा नवाब बुद्धिबळ खेळताना गावं पणाला लावत. हरलेल्या गावांच्या चिठ्ठ्या एकमेकांना देत. त्यातून ही सीमा तयार झाली.’

ही लोककथा आहे. आजच्या पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारकडे ती सांगतात, गाइडही सांगतात. पण तिला आधार देणारा एकही समकालीन कागद पुढे आलेला नाही. या छिटमहलांवर सगळ्यात कसून काम केलं ते मेलबर्न विद्यापीठातले भूगोल संशोधक ब्रेंडन व्हाइट यांनी. 2002 साली त्यांनी जुने नकाशे, तह आणि महसुली नोंदी एकत्र लावून दाखवलं की या तुकड्यांचं मूळ 1711 ते 1713 या काळातल्या मुघल-कूचबिहार लढाईत आणि तिच्यानंतरच्या तहात आहे. मुघलांनी बोदा, पाटग्राम आणि पूर्वभाग हे तीन चकले, म्हणजे महसुली विभाग, जिंकले. पण त्या मुलखातल्या काही कूचबिहारी जमीनदारांना त्यांना हुसकता आलं नाही, आणि कूचबिहारच्या हद्दीत काही जमिनी मुघलांच्या माणसांकडे राहिल्या. ज्याचा ताबा, त्याचा महसूल. एवढी साधी गोष्ट आहे.

मराठी वाचकाला तर हे लगेच कळायला हवं. सांगली संस्थानचा नकाशा काढून बघा. मंगळवेढा एकीकडे, तेरदाळ दुसरीकडे, शिरहट्टी आणखी तिसरीकडे, आणि मधे इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानांचा मुलूख. औंध संस्थानचं गुणदाळ तर थेट विजापूरकडे. सरंजाम, वाटण्या आणि तह यांतून झालेली ही ठिगळं. सांगलीच्या पटवर्धनांनी गावं बुद्धिबळात घालवली असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. 1948 साली ही संस्थानं विलीन झाली आणि सगळे तुकडे एकाच देशात आल्यामुळे ते वेगळे होते हेही लोक विसरले. कूचबिहारच्या नशिबात ते नव्हतं. 1947 ला रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेलं, 1949 ला कूचबिहार भारतात विलीन झालं, आणि सारावसुलीची जुनी हद्द रातोरात आंतरराष्ट्रीय सीमा झाली.

याच मेसेजमध्ये चार ओळींनंतर दुसरं कारण दिलंय : ‘रॅडक्लिफ दारूच्या नशेत होता, त्याची शाई नकाशावर सांडली, ते डाग म्हणजे छिटमहल.’ मग बुद्धिबळ की शाई, एक काहीतरी ठरवा! 1947 च्या फाळणीत रॅडक्लिफ या इंग्रज वकिलाकडे पंजाब आणि बंगाल या ब्रिटिश प्रांतांची वाटणी होती. कूचबिहार हे संस्थान. ते त्याच्या अखत्यारीतच येत नव्हतं. रॅडक्लिफच्या घाईने घोळ झाले, हे मान्य करायलाच हवं. जलपाईगुडी जिल्ह्यातल्या बेरुबारीचा वाद त्याच्या निवाड्यातल्या अपुऱ्या वर्णनातूनच निघाला आणि 1960 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण ती भानगड वेगळी, छिटमहल वेगळे.

आता ज्या वाक्याने मला खरा संताप आला, ते : ‘येथील नागरिक खूप मजेत राहत. कर नाही, पोलीस नाही, दोन्ही देशांचा फायदा!’

हे लिहिणाऱ्याने तिथल्या एका तरी माणसाची हकिगत वाचायला हवी होती. 1952 मध्ये भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट-व्हिसा सुरू झाला. छिटमहलातल्या माणसाने पासपोर्ट काढायचा तर आपल्या देशाच्या मुख्य भूमीत जायला हवं. तिथे जायचं तर परका देश ओलांडायला हवा. तो ओलांडायला व्हिसा हवा, आणि व्हिसा घ्यायला पासपोर्ट. म्हणजे घराबाहेर पाऊल टाकलं की कायद्याने घुसखोर. आणि बाजार, दवाखाना, शाळा सगळं त्या पावलाच्या पलीकडे.

भारतात दिनहाट्याजवळ असलेल्या मशालडांगा, पोयातुरकुठी या बांगलादेशी छिटमहलांत लोकांनी काय काय केलं ते वर्तमानपत्रांत वेळोवेळी आलेलं आहे. पोराला शाळेत घालायचं तर बापाच्या जागी शेजारच्या भारतीय गावातल्या कोणाचं तरी नाव लावायचं. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जायचं तर बाईने कागदावर दुसऱ्याच माणसाला नवरा म्हणून लिहायचं, आणि त्या नावासाठी कधी पैसेही मोजायचे. जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर मग तोच परका बाप. विजेचे खांब हद्दीपर्यंत येऊन थांबलेले. ‘पोलीस नाही’ म्हणजे घरावर दरोडा पडला, पीक कापून नेलं, मुलगी पळवली, तरी तक्रार घ्यायला कोणी नाही. भारताचे पोलीस आत येऊ शकत नाहीत, बांगलादेशचे पोहोचू शकत नाहीत. याला मजा म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

31 जुलै 2015 च्या मध्यरात्री दोन्ही देशांत छिटमहलांची अदलाबदल झाली तेव्हा मशालडांग्यात 68 मेणबत्त्या लावल्या गेल्या, 1947 पासूनच्या प्रत्येक वर्षाची एक. भारतातल्या 51 बांगलादेशी छिटमहलांत 2011 च्या संयुक्त मोजणीत 14,215 माणसं होती. बांगलादेशात जायचा पर्याय मिळूनही ती इथेच राहिली.

याच अदलाबदलीवर पुढचा दावा आहे : ‘2015 मध्ये भारताने 10,000 एकर जमीन बांगलादेशला फुकट दिली.’ आकडा खोटा नाही, हे नाइलाजाने कबूल करते. भारताचे 111 छिटमहल, 17,160 एकर, बांगलादेशकडे गेले. त्यांचे 51, 7,110 एकर, आपल्याकडे आले. वजाबाकी दहा हजारांवर येते. पण ही जमीन बांगलादेशच्या पोटात होती. तिथे आपला तलाठी जात नव्हता, शिपाई जात नव्हता, मतपेटी जात नव्हती. ती आपली होती ती कागदावर. शिवाय त्याच करारात दोन्ही बाजूंच्या ताब्यातल्या वादग्रस्त जमिनींचाही निकाल लागला, आणि त्यात भारताला 2,777 एकर मिळाली, 2,267 गेली. हा हिशेब मेसेजमध्ये नाही. हा कोणा एका सरकारचा लहरी निर्णयही नव्हता. इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांचा करार 1974 चा, प्रोटोकॉल मनमोहन सिंग यांच्या काळातला 2011 चा, आणि शंभरावी घटनादुरुस्ती मोदी सरकारची, 2015 ची. तिच्या विरोधात दोन्ही सभागृहांत एकही मत पडलं नाही. फुकट कोणाला काही मिळालं असेल, तर बांगलादेशातल्या छिटमहलांतून भारतात आलेल्या 900 च्या आसपास माणसांना मिळाल्या त्या दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीच्या छावण्यांतल्या पत्र्याच्या खोल्या. त्यांत त्यांनी वर्षानुवर्षं काढली.

‘दहला खाग्राबाडी हा आजही जगातील एकमेव तिसऱ्या श्रेणीचा एन्क्लेव्ह आहे’ हे भाचीने लाल शाईने अधोरेखित केलं होतं. बांगलादेशातल्या भारतीय तुकड्यातल्या बांगलादेशी तुकड्यातलं ते एक भारतीय तागाचं शेत, दोन एकरही नाही. तसं ते होतं, पण 1 ऑगस्ट 2015 पासून ते बांगलादेशचं आहे. आज उरला आहे तो भारताने वेढलेला बांगलादेशचा दहग्राम-अंगरपोता. तिथे जायला भारताने दिलेला तीन बिघा कॉरिडॉर 178 मीटर बाय 85 मीटरचा आहे. परीक्षेत विचारलं तर हे लिहा.

बाकीचं झटपट.

डायोमीड बेटं (मोठं रशियाचं, छोटं अमेरिकेचं, मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा) : ‘हिवाळ्यात लोक बर्फावरून रोज आजमधून उद्यात चालत जातात.’ कोणी जात नाही. रशियाच्या मोठ्या बेटावरची मूळ वस्ती दुसऱ्या महायुद्धानंतर हलवली गेली, आता तिथे फक्त लष्करी ठाणं आहे. फरकही 24 तासांचा नाही, 21 तासांचा आहे, उन्हाळ्यात 20.

बार्ले : ‘सीमा घरातून जाणारं जगातील एकमेव गाव.’ त्याच मेसेजमध्ये खाली नागालँडचं लोंगवा आहे, तिथेही सीमा घरातूनच जाते! ज्या देशात दार उघडतं त्या देशाचं घर, हा नियम मात्र खरा आहे. बेल्जियमचे 22 तुकडे नेदरलँड्सच्या आत आहेत आणि त्यांची सुरुवात 1198 च्या सुमाराच्या ब्राबांत-ब्रेडा जमीन व्यवहारात आहे. इथेही तह आणि महसूलच.

भारत-पाक सीमा ‘चंद्रावरून दिसते’ : नारिंगी रेघेचे ते फोटो 2011 आणि 2015 साली अंतराळ स्थानकातून, साधारण 400 किलोमीटरवरून काढलेले आहेत. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे. सोबत जोडलेला दिव्यांच्या कुंपणाचा फोटो स्पेन-मोरोक्को सीमेचा आहे. 2017 मध्ये तो गृह मंत्रालयाच्या अहवालातही चुकून छापला गेला होता, म्हणून तो इतका पसरला.

राहिलं नागालँडच्या मोन जिल्ह्यातलं लोंगवा. कोन्याक राजाच्या, म्हणजे आंगच्या, घरातून भारत-म्यानमार सीमा जाते हे खरं. ‘सर्व गावकऱ्यांना दुहेरी नागरिकत्व’ हे चूक, भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. तिथल्या लोकांना सीमेपलीकडे 16 किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करायची मोकळीक होती, आणि तीही केंद्राने 2024 मध्ये रद्द करण्याची घोषणा केली. म्यानमारच्या 1,643 किलोमीटरच्या सबंध सीमेवर कुंपण घालायचं ठरलं आहे. ज्यांचं घर अलीकडे आणि शेत पलीकडे, ते कोन्याक याला विरोध करत आहेत. हे मात्र त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.