निवारा शहरात, माणूस गावच्या एसटी थांब्यावर

थंडी पडली की विदर्भातल्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर फिरतो. सरकारनं बेघरांसाठी निवारे बांधले, ब्लँकेटं वाटली, घरकुलं दिली. तरी ही माणसं एसटी थांब्यावर नि देवळाच्या ओट्यावर झोपतात, कारण त्यांना तिथंच राहायचं असतं. शिवाय आपल्याकडं थंडी असते तरी किती, आणि थंडीनं कोण मेलं? यातला एकही मुद्दा गावपातळीवर टिकत नाही.

‘निवारे आहेत, जात नाहीत.’ बेघर निवाऱ्यांची योजना राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून आली. 1 लाख शहरी लोकसंख्येमागे 100 जणांचा कायम निवारा, माणशी 50 चौरस फूट, असं तिचं माप. ग्रामपंचायतीच्या हद्दीत त्यातून एक सतरंजीही येत नाही. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख बेघर मोजले गेले, त्यांतले 8.3 लाख ग्रामीण भागातले. कापूस वेचायला मेळघाटातून उतरलेलं कुटुंब धुऱ्यावर पाल ठोकतं, वीटभट्टीवरचे मजूर कच्च्या विटांच्या आडोशाला निजतात. त्यांनी रात्री अमरावतीचा निवारा गाठून पहाटे वेचणीला परत यायचं, ते कोणत्या गाडीनं?

‘विदर्भात कसली थंडी?’ 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला होता. मैदानी भागात थंडीची लाट साधारणपणे तेव्हाच धरतात, जेव्हा किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली जातं आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी असतं. पण उपाशी, ओल्या कपड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यात 12 अंशही पुरतात. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की जीभ जड होते, पाय लटपटतात, पुढं कुडकुडणंही थांबतं. नेमकं याच वेळी लोक ‘पिऊन पडलाय’ म्हणून पुढं जातात. आणि खरंच प्यायला असेल तर धोका दुप्पट समजा: दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, वरून ऊब वाटते, आतली उष्णता मात्र झपाट्यानं बाहेर जाते. अशा माणसाचे ओले कपडे काढा, आधी छाती-पोट पांघरुणात घ्या, हातपाय चोळू नका, 108 ला फोन करा. पूर्ण शुद्धीवर असेल तरच कोमट गोड चहा द्या.

‘ब्लँकेटं तर वाटली!’ वाटप चांगलंच आहे, पण ब्लँकेट वरून येतं आणि थंडी खालून. गार फरशी अंगातली ऊब रात्रभर शोषत राहते. म्हणून खाली आधी ताडपत्री, म्हणजे ओल वर चढत नाही. तिच्यावर धानाच्या तणसानं वीतभर फुगतील इतकी भरलेली दोन पोती. अंगाच्या वजनानं ती चार बोटं राहतात, म्हणून कमी भरू नका. मग गोधडी, मग माणूस, मग ब्लँकेट. डोकं आणि कान झाकलेले. स्वस्त ब्लँकेट बहुतेक पॉलिस्टरचं असतं. पऱ्हाटीची ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं, तेव्हा शेकोटीजवळ ते अंगावर नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नको. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

‘घरकुल घ्यावं की मग.’ प्रधानमंत्री आवास योजनेचे मैदानी भागातले 1 लाख 20 हजार रुपये घर बांधायला मिळतात, जागेसाठी नाही. जागेकरता पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, पण पाल ठोकून फिरणाऱ्याचं नाव मुळात कोणत्या गावच्या यादीत चढणार? तोवर डिसेंबर कुणासाठी थांबत नाही. बहुतेक गावांत समाजमंदिर उभं असतं, रात्री कुलूपबंद. किल्ली शिपायाकडं, शिपाई सरपंचांना विचारा म्हणतो, सरपंच तालुक्याला गेलेले. दिवाळीनंतरच्या मासिक सभेत एवढा ठराव घ्या: समाजमंदिर रात्री उघडं राहील, किल्ली कोणाकडं, दिवा-पाणी कोण बघेल, बायांसाठी आतून कडी लागणारी खोली कोणती. इमारत आधीच आहे, बांधकामाचा पैसा लागत नाही.

‘थंडीनं कोणी मेल्याचं ऐकलं नाही.’ कसं ऐकणार? बेवारस मयत अकस्मात मृत्यू म्हणून नोंदली जाते आणि कागद तिथंच मिटतो. थंडीची लाट राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत आहे. आपत्ती निधीतून वारसाला 4 लाख रुपये मिळू शकतात, पण मृत्यूचं कारण सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेलं लागतं. म्हणून पंच म्हणून बोलावलं तर सही करण्याआधी पंचनाम्यात लिहून घ्या: प्रेत उघड्यावर होतं की आडोशाला, कपडे ओले होते का, अंगाखाली काय होतं, जवळ पांघरूण होतं का. आणि शवविच्छेदन होऊ द्या, दफनाची घाई करू नका.