मामा, मिथाइल ऑरेंज आणि माझा सी.बी.आर.

परवा केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल झालं आणि एक्स्टर्नल बाईंनी माझ्या पेपरवर लाल पेनाने 'टेक्निक पुअर' लिहिलं. माझं टेक्निक! 

प्रयोग दोन होते, दोन्ही टायट्रेशनचे, म्हणजे फ्लास्कमधल्या अ‍ॅसिडमध्ये ब्यूरेटच्या नळीतून अल्कली सोडत जायचं आणि अ‍ॅसिड नेमकं किती मिलीला संपतं ते बघायचं. एचसीएल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, दोन्ही सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर, सगळं 0.1 मोलर, 10 मिली पिपेट करा नि तुलना लिहा. पहिला चकाचक झाला. दुसऱ्याला फिनॉल्फ्थॅलिनची, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या इंडिकेटरची, बाटली उचलली तर आत खडखडाट. तेवढ्यात लॅबचे मामा आले, हातात मिथाइल ऑरेंज, दुसराच इंडिकेटर.

"संपलंय ते. हे टाका."

"मामा, हे नाही चालत. अहो वीक अ‍ॅसिड आहे."

"मग कमी टाका. दोनाऐवजी एक थेंब."

"तसं नसतं. ह्याचा रंग 3.1 ते 4.4 पीएचमध्ये बदलतो. आमचं अ‍ॅसिड नेमकं संपतं तो इक्विव्हॅलन्स पॉइंट पावणेनऊच्या आसपास येतो."

मामांनी घड्याळाकडे बघितलं. "पावणेनऊ? दोन वाजले की. आटपा."

मी तरी नेटाने सांगत बसलो. मामांचं एकच, सकाळच्या बॅचला ह्याच्यावरच आलं, कुणी तक्रार नाही केली. अहो सकाळच्या बॅचला नुसतं एचसीएल होतं, स्ट्राँग अ‍ॅसिड! स्ट्राँग-स्ट्राँगमध्ये 9.9 ते 10.1 मिलीच्या मध्ये पीएच 3.3 वरून थेट 10.7 वर उडी मारतो, तिथे कुठलाही इंडिकेटर टाका, धकतं. अ‍ॅसेटिक अर्धं संपलं की 4.76 वर लोळत पडतं, 9.9 मिलीलासुद्धा जेमतेम 6.8, आणि खरी उडी यायच्या आधीच मिथाइल ऑरेंज पिवळं होऊन घरी गेलेलं असतं. मामा मान डोलवत सगळं ऐकत होते आणि ऐकता ऐकताच माझ्या फ्लास्कमध्ये दोन थेंब टाकून मोकळे झाले.

मग काय, लालाचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा, नक्की कधी झाला ते देवाला ठाऊक. एकदा 2.3, एकदा 3.1. ह्यात सी.बी.आर., म्हणजे लागोपाठ सारखं येणारं कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग, कुठून आणू? शेजारच्या पोराने ब्यूरेटचा नॉब न फिरवता 10.0, 10.0, 10.0 लिहिलं, कारण मामांनी कानात आकडाही सांगून ठेवला होता. त्याला 'गुड'.

बाय द वे, फिनॉल्फ्थॅलिन एकेकाळी जुलाबाचं औषध म्हणून विकायचे. आमच्या लॅबमधलं कुठे गेलं ह्याबद्दल मला आता वेगळाच संशय येतोय.

आणि पीएच मीटर आहे हो आमच्याकडे! कपाटात, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, कुलूपबंद. कमिटी आली की बाहेर येतो, फुलदाणीशेजारी बसतो, कमिटी गेली की परत आत. लॅब फी मात्र दरवर्षी वेळेवर. ते जर्नलमधले पीएचचे झोकदार एस आकाराचे कर्व्ह आम्ही सगळे सिनियरच्या जर्नलवरून ट्रेस करतो, एकानेही कधी पीएच मोजलेला नाही, आणि वर व्हायव्हात विचारतात की वीक अ‍ॅसिडचा कर्व्ह जास्त पीएचपासून का सुरू होतो. आम्हाला काय माहीत, सिनियरला विचारा.

निघताना राहवलं नाही. म्हटलं, "मामा, उद्या अमोनिया आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड दिलं तर? दोन्ही वीक. त्यात धड उडीच नसते, कुठलाच इंडिकेटर चालत नाही."

मामांचा चेहरा खुलला.

"मग तर मिटलंच की. कुठलाही टाका."