शुभेच्छापत्रावरचे जहाज चुकीचे आहे

आज १ फेब्रुवारी, भारतीय तटरक्षक दलाचा स्थापना दिवस. सकाळी आमच्या शाळेच्या जुन्या वर्गमित्रांच्या गटावर एकाने शुभेच्छापत्र टाकले. त्यावर राखाडी रंगाची, क्षेपणास्त्र सोडत असलेली विनाशिका होती, म्हणजे चक्क नौदलाची युद्धनौका. मी एवढेच लिहिले की हे जहाज तटरक्षक दलाचे नाही, त्यांची जहाजे पांढरी असतात आणि त्यांच्या अंगावर तिरका पट्टा असतो. त्यावर उत्तर आले, "अगं, त्या पांढऱ्या बोटी म्हणजे समुद्रातले ट्रॅफिक पोलीस. फोटोत जरा दम नको का?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तेव्हापासून माझे कशात लक्ष लागलेले नाही, कारण हे लिहिणारा मुलगा आमच्या हर्णैचा आहे आणि १९९८च्या डिसेंबरात त्याचे सख्खे काका माझ्या बाबांबरोबर एकाच होडीवर होते.

ज्यांना ती हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी तेव्हा नववीत होते. बाबा धरून सहा जण लाकडी होडीने मासेमारीला गेले होते. दुसऱ्या रात्री इंजिन बंद पडले ते कितीही खटपट केली तरी सुरू होईना. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. किनाऱ्यावर बसलेल्याला तो सुखाचा वाटतो, पण बंद पडलेल्या होडीला तो पश्चिमेकडे ढकलत नेतो. नांगराचा दोर तळाला लागेना, इतक्या खोल पाण्यात ते गेले. होडीवर वायरलेस नव्हता, आणि उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारे यंत्र, जे आज मच्छीमारांना मिळते, ते तेव्हा कोणी पाहिलेही नव्हते. परतायचा दिवस उलटला तेव्हा बंदरावरच्या माणसांनी मुंबईला कळवले. आई सुवर्णदुर्गाकडे तोंड करून वाळूत बसून राहिली. शेजारी मासळीचा लिलाव रोजच्यासारखा चालू होता आणि तिच्याशी बोलायचे धाडस कोणाला होत नव्हते.

इंजिन बंद पडल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सहा जणांना विमानाचा आवाज ऐकू आला. ते दमणहून निघालेले तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान होते, हे नंतर समजले. बाबांनी निळी ताडपत्री फडकावली, एकाने पातेले उन्हात धरून त्याची तिरीप विमानाच्या दिशेने फिरवली, आणि विमान सरळ पुढे निघून गेले. बाबा आजही सांगतात की मरण अगदी जवळ आल्यासारखे वाटले ते त्या रात्रींच्या काळोखात नव्हे, तर तो आवाज विरल्यानंतरच्या शांततेत.

विमान का निघून गेले, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. समुद्रात हरवलेल्या माणसाला शोधणे म्हणजे वाटेल तसे घिरट्या घालणे नव्हे. हरवण्याची वेळ, वारा आणि प्रवाह यांवरून पाण्याचा एक तुकडा आखला जातो आणि विमान त्यावरून शेत नांगरावे तसे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकमेकींना समांतर रेघा मारत जाते. विमानाच्या रडारला पोलादी जहाज दुरूनही ठळक दिसते, पण लाटांमधली लहानशी लाकडी होडी सहजासहजी दिसत नाही, आणि शेवटी खिडकीशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरच सारा भरवसा असतो. डॉर्नियरचा पंख धडाच्या वरच्या बाजूला असल्यामुळे खालचे पाणी अडत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधले जाणारे हे दोन इंजिनांचे विमान १९८६पासून तटरक्षक दलात आहे आणि कोणत्याही शुभेच्छापत्रावर शोभून दिसेल असे त्याचे रूप नाही. पण ते रेघेच्या टोकाशी गेले, वळले आणि पुढच्या रेघेवर परत आले. या वेळी ते बरेच खाली आले, होडीवरून दोनदा गेले आणि त्याने पंख हलवले. बाबा तो हाताचा इशारा करून दाखवतात तेव्हा वयाच्या बहात्तराव्या वर्षीही त्यांचा गळा दाटून येतो.

विमानाला मात्र कोणाला वर उचलून घेता येत नाही. ते शोधते, जागा कळवते, गरज असेल तर फुगवता येणारा तराफा टाकते. उचलण्याचे काम हेलिकॉप्टरचे, पण त्याची धाव मर्यादित असते. खोल पाण्यात पोहोचून तिथे थांबायचे, होडीला दोर बांधून ती ओढत आणायची, हे काम जहाजाचे असते. या तिघांपैकी एक जरी नसले तरी उरलेल्या दोघांचा उपयोग निम्म्यावर येतो. बाबांसाठी संध्याकाळी एक मोठे पांढरे जहाज आले. त्यांना गरम चहा आणि खिचडी मिळाली, एकाच्या हाताची जखम डॉक्टरने धुऊन बांधली आणि होडी रात्रभर ओढत किनाऱ्याकडे आणली गेली. त्या जहाजावर किती मोठी तोफ होती, हे सहा जणांपैकी एकालाही आठवत नाही.

म्हणून मला 'दम' या शब्दाची चीड येते. गोवा शिपयार्डने बांधलेली समर्थ वर्गातली गस्ती जहाजे १०५ मीटर लांबीची आहेत, त्यांचा वेग २३ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटरपर्यंत जातो आणि त्यांच्यावर हेलिकॉप्टर उतरवण्याची सोय आहे. त्यांच्यावरची ३० मिलिमीटरची तोफ युद्धनौकेच्या मानाने किरकोळ आहे, कारण ती शहरे उद्ध्वस्त करण्यासाठी नसून पळणाऱ्या तस्कराला थांबवण्यासाठी आहे. या जहाजांचा दम तोफेत नसतो. वादळ येणार म्हणून सगळ्या होड्या बंदराकडे वळतात तेव्हा ती उलट दिशेने बाहेर पडतात, त्यात तो असतो. आणि ज्यांना पाठलागच हवा असेल त्यांनी १९९९चा नोव्हेंबर आठवावा. चाच्यांनी पळवलेले, नाव बदललेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज तटरक्षक दलाच्या डॉर्नियरने अरबी समुद्रात हुडकून काढले आणि दलाच्या ज्या जहाजाने त्याचा पाठलाग केला त्याचे नाव 'ताराबाई' होते. महाराणी ताराबाईंच्या नावाची ती गस्ती नौका नंतर नौदलाची 'प्रहार' येऊन मिळेपर्यंत त्या कितीतरी पट मोठ्या जहाजाच्या मागे चिकटून राहिली. हे आपल्या मुलांना शाळेत का सांगितले जात नाही?

१९७७ साली हे दल उभे राहिले ते नौदलाने दिलेल्या दोन जुन्या फ्रिगेट युद्धनौका आणि पाच गस्ती नौकांवर. आज दीडशेहून अधिक जहाजे आहेत, सत्तरहून अधिक विमाने आणि हेलिकॉप्टर आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझी खरी तक्रार हेलिकॉप्टरांबद्दल आहे आणि ती मी आज लिहिणारच. ज्या चेतकवर हे दल अजून भिस्त ठेवते, त्याचा मूळ फ्रेंच आराखडा १९५९ साली पहिल्यांदा उडाला. ते एकाच इंजिनावर उडते. समुद्रावर ते इंजिन बंद पडले तर खाली उतरायला पाण्याखेरीज काही नाही. तरीही २०२१च्या जूनमध्ये रेवदंड्याजवळ 'मंगलम' हे जहाज बुडू लागले तेव्हा ऐन पावसाळ्यात दमणहून चेतकच आली आणि 'सुभद्राकुमारी चौहान' या जहाजाच्या साथीने सोळाच्या सोळा माणसे वाचली. जुन्या यंत्रावर चांगली माणसे बसवून आपण किती दिवस निभावून नेणार आहोत?

आणि पोरबंदर. २ सप्टेंबर २०२४च्या रात्री एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेले ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. चौघांपैकी एक वाचला. दोघांचे मृतदेह लगेच मिळाले, तिसऱ्याचा महिनाभराहून अधिक काळाने. बाबा त्या सप्टेंबरात रोज रात्री फोनवर आधी एकच विचारायचे, "तिसरा मिळाला का गं?" त्यांचा त्या माणसाशी काही संबंध नव्हता, आणि तरीही होता. मग ५ जानेवारी २०२५ला त्याच पोरबंदरच्या धावपट्टीवर दुसरे ध्रुव कोसळले आणि आणखी तिघे गेले. देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर उभी करावी लागली. लढाऊ विमानांच्या खरेदीवर वाहिन्यांवर रात्र रात्र चर्चा होते, आणि दुसऱ्याला वाचवायला गेलेली ही माणसे दोन दिवसांत बातम्यांतून नाहीशी होतात. ज्या गटावर आज विनाशिकेचे चित्र आले, त्याच गटावर त्या दिवशी एक ओळही आली नव्हती. मी नंतर मागे जाऊन पाहिले.

नौदलही माणसे वाचवते, हे मी नाकारत नाही. तौक्ते वादळात मुंबईपासून दूर बुडालेल्या बार्जवरून नौदलाने माणसे काढली, ती कामगिरी कोणी विसरू नये. युद्धनौकाही हव्यातच. आणि हो, भर समुद्रात होडी थांबवून कागदपत्रे, ओळखपत्रे, परवाने तपासले जातात तेव्हा आमचे लोक वैतागतात, कारण जाळे पाण्यात असते आणि वेळ जातो. बाबाही वैतागत. पण दहशतवाद्यांनी पळवलेली 'कुबेर' ही मच्छीमारांचीच होडी होती आणि तिच्यातूनच २००८ साली मुंबईवर मरण चालून आले, हे त्यांना माहीत होते. म्हणून कागद दाखवताना त्यांनी कधी आवाज चढवला नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ज्याने तो संदेश लिहिला तो मनाने वाईट नाही, त्याच्या घरी ही गोष्ट फारशी निघाली नसावी. त्याचे काका त्यानंतर समुद्रावर गेलेच नाहीत. त्यांनी दापोलीत दुकान टाकले आणि त्या तीन दिवसांविषयी ते बोलत नसत. उद्या मी त्याला फोन करणार आहे आणि काकांनीच पातेले उन्हात धरले होते, हे त्याला सांगणार आहे.

एक विनंती मात्र सर्वांना आहे. जहाजावरच्या माणसांना बाबांनी डोळे भरून पाहिले, हात जोडले. विमानातल्या माणसांचे चेहरे त्यांनी कधी पाहिले नाहीत. माझ्या मित्रयादीत किंवा तुमच्या ओळखीत १९९८च्या डिसेंबरात दमणच्या हवाई तळावर डॉर्नियरवर काम केलेले कोणी असेल, तर कृपया मला कळवा. हर्णैच्या पश्चिमेला निळी ताडपत्री फडकावणारी एक होडी त्यांना आठवते का, एवढेच बाबांना विचारायचे आहे.